जाधवबाईंचं वरचं गाव

जाधवबाई मैदानाच्या या टोकाला उभ्या राहून हाक मारायच्या आणि पलीकडच्या दगडी गडग्यावर चढून चिंचा पाडणारी मुलगी जागच्या जागी थिजायची. रत्नागिरीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या पीटी शिकवायच्या आणि मी इंग्रजी. वयाने त्या मोठ्या, म्हणून मी त्यांना 'बाई' म्हणायची. त्या मला 'अगो मीना' म्हणत. सुती साडी, कमरेला घट्ट खोचलेला पदर आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्नाकार्यालाही त्या तशाच यायच्या.

"निदान लग्नात तरी चपला घाला की, बाई," असं मी एकदा म्हटलं.

"चपलांत धावता येत नाय."

"लग्नात कशाला धावायचंय?"

"तुला काय माहीत, कुठे धावावं लागेल ते?"

आमचं मैदान जांभ्याचं. वरून लाल माती, खाली खडे. खो-खो खेळताना मुलींचे गुडघे हमखास फुटायचे. बाई कधी कुणाला उचलायला गेल्या नाहीत. लांबूनच ओरडायच्या, "पडण्याला मार्क नाहीत. उठण्याला आहेत. ऊठ!" मुलगी रडत रडत उठायची. मग शाळा सुटल्यावर बाई तिला खोलीत बोलवून स्वतःच्या हाताने जखम धुवायच्या आणि फुंकर घालत औषध लावायच्या. हे मात्र कुणाला दिसू द्यायच्या नाहीत.

त्यांची ओळख व्हावी म्हणून मी नेहमी गणपतीपुळ्याच्या सहलीची गोष्ट सांगते. परतीच्या वेळी एक मुलगी कमी भरली. अंधारून यायला लागलं होतं, समुद्र खवळलेला होता आणि एसटीचा ड्रायव्हर घाई करत होता. मुख्याध्यापक म्हणाले, "आपण बाकीच्यांना घेऊन पुढे होऊ. पोलिसांना कळवू, दोन शिक्षक मागे थांबतील." बाई गाडीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. हेडलाइटच्या उजेडात त्यांचे पांढरे बूट तेवढे दिसत होते.

"मुलं पुरी भरल्याशिवाय गाडी हलणार नाही," त्या म्हणाल्या. "हलवायची तर माझ्यावरून न्या."

मग डोंगराच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर त्या एकट्याच धावत गेल्या. मुलीची चप्पल तुटली होती. लाजून ती एका दगडावर बसून राहिली होती. बाईंनी तिला पाठंगुळीला घेऊन आणलं, गाडीत बसवलं आणि पुन्हा सगळ्यांची डोकी मोजली. मगच ड्रायव्हरला म्हणाल्या, "आता चला."

अशा बाईच्या बाबतीत पुढे जे घडलं, ते घडायला नको होतं.

बाईंच्या घरी तिघंच. त्या, त्यांचे यजमान आणि मुलगा प्रशांत. यजमानांना सगळे अण्णा म्हणत. कोर्टात कारकून होते, फार कमी बोलायचे. बाई त्यांच्या वाटचं बोलून टाकत. दोघं लहान असतानाच त्यांच्या आईवडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि त्या पिढीच्या जिद्दीचा काहीतरी अंश बाईंच्या चालण्यात होता. प्रशांतला त्यांनी मैदानावरच वाढवला. त्याच्या शाळेत शर्यत असली की बाई शेवटच्या रेषेपाशी उभ्या राहून ओरडायच्या, "पुढे! मागे बघायचं नाय!" तो पहिला यायचा. घरी आल्यावर त्या त्याचे पाय चेपायच्या.

प्रशांत हॉटेलचं शिकला, काही वर्षं जहाजावर होता आणि मग ऑस्ट्रियात आल्प्सच्या डोंगरातल्या एका स्कीच्या गावी हॉटेलात स्वयंपाकी म्हणून लागला. गावाचं नाव बाईंच्या जिभेवर कधी बसलंच नाही. त्या 'वरचं गाव' म्हणायच्या. "वरच्या गावात आज चार फूट बर्फ पडला गो." जणू ते गाव हातखंब्याच्या पुढे कुठेतरी घाटावर होतं. प्रशांत फोनवर खिडकीबाहेरचा डोंगर दाखवायचा आणि म्हणायचा, "आई, तू दोनदा ये. एकदा थंडीत, एकदा उन्हाळ्यात. एकच गाव, पण दोन्ही वेळा अगदी वेगळं असतं." बाई म्हणायच्या, "निवृत्त झाले की येते. गुडघे धड आहेत तोवर येते." निवृत्त झाल्या, पासपोर्टही काढला, जायचं मात्र पुढे पुढे जात राहिलं.

जानेवारीतल्या एका दुपारी अण्णा माझ्या दारात आले. एरवी ते कधी येत नसत. आत न येताच म्हणाले, "तिकडून फोन आलाय. इंग्रजी आहे. तिला कळत नाय आणि ती तुम्हाला बोलवत नाय. तुम्ही या."

मी गेले. बाई फोन कानाला लावून नुसत्या "येस, येस" म्हणत होत्या. मी फोन घेतला. हॉटेलच्या मालकीणबाई बोलत होत्या. प्रशांत सुटीच्या दिवशी एका सोबत्याबरोबर वर स्की करायला गेला होता. आखलेली वाट सोडून दोघं दोरीच्या पलीकडे गेले. वरचा बर्फ सुटला आणि डोंगरावरून घसरत आला. सोबती कमरेपर्यंत गाडला गेला, तो निघाला. प्रशांत सापडत नव्हता.

मी हे मराठीत कसं सांगितलं ते मला आठवत नाही. बाईंनी मला एकच विचारलं, "सापडत नाय म्हणाल्या ना? गेला असं नाय ना म्हणाल्या?"

"नाही, बाई."

"मग चल."

माझी मुलगी जर्मनीत होती, त्यामुळे माझा व्हिसा तयार होता. बाईंचे कागद हॉटेलवाल्यांनी धावपळ करून करवून घेतले. अण्णा आले नाहीत. त्यांच्या छातीचं जुनं दुखणं होतं आणि थंडी त्यांना सोसली नसती. निघताना त्यांनी बाईंच्या हातात प्रशांतचा शाळेतला मफलर दिला आणि तोंड फिरवलं.

वरच्या गावात आम्ही पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. मला वाटलं होतं, गाव सुतकात असेल. तिथे तर जत्रा होती. रंगीबेरंगी कपड्यांतली माणसं खांद्यावर स्की टाकून बुटांचा टक्टक् आवाज करत चालली होती. गाणी लागली होती. तारेवरच्या खुर्च्या एकामागून एक वर जात होत्या आणि पांढऱ्या उतारावरून लहानमोठी पोरं खिदळत खाली येत होती. बाई रस्त्याच्या मधोमध थांबल्या. अंगात माझ्या मुलीचा लांब कोट, आत साडी, पायात हॉटेलने दिलेले बूट.

"मीना," त्या म्हणाल्या, "हे लोक खेळतायत गो. आणि तो आत आहे."

शोधपथकाचा प्रमुख योहान नावाचा, साठीतला सुतार होता. हात मोठे, आवाज हळू. त्याने सांगितलं की कुत्रे नेले, लांब सळया बर्फात खुपसून पाहिलं, हेलिकॉप्टर फिरवलं. बर्फाखालून ठिकाण कळवणारं शोधयंत्र प्रशांतच्या अंगावर नव्हतं. आता वर आणखी बर्फ सुटायच्या बेतात होता आणि माणसं पाठवणं शक्य नव्हतं. मी भाषांतर करत होते. बाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही.

"त्याला विचार, मी जाऊ का वर? मी जाते. त्यांची माणसं नकोत."

योहानने मान हलवली. नाही.

"त्याला सांग, मी पीटीची बाई आहे. मला दम आहे."

हे मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं. पण योहानला कळलं असावं. त्याने आपले मोठे हात पुढे केले, बाईंचे हात त्यात धरले आणि तसाच उभा राहिला.

प्रशांतचा सोबती सुजन नेपाळचा होता, त्याच स्वयंपाकघरात भांडी धुवायचा. बाईंना भेटायला तो तयार नव्हता. खोलीतून बाहेरच येईना. बाई त्याच्या दारात जाऊन बसल्या. शेवटी त्याने दार उघडलं आणि खाली मान घालून हिंदीत म्हणाला, "आंटी, मुझे मारिए."

"मारने को नहीं आयी. एक बात बता. वो आगे था या पीछे?"

"आगे. वो हमेशा आगे रहता था. मैंने आवाज़ दी थी, रुक जा. उसने पीछे देखा ही नहीं."

बाईंचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी नंतर कधीच पाहिला नाही. त्या भिंतीला टेकल्या. मग बाईंनीच सुजनच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला मराठीत म्हणाल्या, "मीच शिकवलं ते त्याला. मागे बघायचं नाय म्हणून मीच ओरडायची."

पुढचे सगळे दिवस बाई सकाळपासून त्या खुर्च्यांच्या तळाशी उभ्या राहायच्या, उतार संपतो तिथे. मला आधी वाटलं, डोंगराकडे बघतात. नंतर लक्षात आलं, खाली येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघतात. तिथे सगळे सारखेच दिसत. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर मोठे काळे चष्मे, तोंडावर फडकं. कोण तरुण, कोण म्हातारा, कोण कुठल्या देशाचा, काही कळत नाही. आणि नेमकं त्यामुळेच बाईंना प्रत्येकात तो असू शकत होता.

एक उंचसा मुलगा खाली आला आणि डावा खांदा किंचित पाडून थांबला. प्रशांत तसाच थांबायचा. बाई धावल्या. ते जड बूट, तो निसरडा बर्फ. दोनदा पडल्या, दोनदा उठल्या. जाऊन त्या मुलाचा दंड धरला आणि त्याच्या चष्म्याकडे बोट दाखवून म्हणू लागल्या, "काढ. काढ तो. एकदा काढ रे."

मी मागून पोचून माफी मागायला लागले. त्या मुलाला काय समजलं कोण जाणे. त्याने हळूच चष्मा वर केला, फडकं खाली ओढलं. गोरा, निळ्या डोळ्यांचा, शाळकरी वाटावा असा चेहरा. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्याचा चष्मा त्यांनीच पुन्हा नीट खाली ओढून दिला आणि म्हणाल्या, "जा. जपून जा."

त्या दिवसानंतर गावातल्या माणसांना बाई माहीत झाल्या. काही जण खाली आले की न सांगताच त्यांच्यासमोर थांबत आणि चष्मा वर करून चेहरा दाखवत. चेहरा दाखवायचे आणि जायचे. मला ते बघवत नसे. मी आत जाऊन बसायची.

व्हिसाचे दिवस सरले. योहान म्हणाला, "आता उन्हाळ्याची वाट बघा. बर्फ वितळला की पुष्कळदा डोंगर परत देतो." बसच्या पायरीवर बाईंनी एक पाय ठेवला आणि खाली काढला. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. सामान आत, मी आत, ड्रायव्हर वाट बघतोय.

"एक कमी आहे गो, मीना," त्या म्हणाल्या. "अशी कशी हलवायची गाडी?"

मी खाली उतरून त्यांना धरलं. त्यांनी जोर केला असता तर मला त्या हलल्या नसत्या. पण त्यांच्यात जोरच उरला नव्हता. मी त्यांना अक्षरशः उचलून आत बसवलं.

रत्नागिरीत आल्यावर खरी परीक्षा अण्णांची झाली. त्यांनी मनाशी मानलं होतं की मुलगा गेला. नातेवाईक येऊन सांगत, गेलेल्याचा जलदानविधी करून घ्या, पुण्यानुमोदन करा, भन्तेजींना बोलावू. बाई ऐकून घेत आणि म्हणत, "मूल वर्गात दिसलं नाही तर गैरहजर लिहायचं असतं. नाव कापायचं नसतं."

एकदा मी तिथे असतानाच अण्णा बोलले. आयुष्यभराचं बोलले असावेत.

"तुला डोंगर उकरायचाय. उकर. मी अडवला काय तुला? पण मला त्याच्या फोटोसमोर एक मेणबत्ती लावू दे. मला रडू दे गो. तू मला रडायलाच देत नायस."

बाई म्हणाल्या, "तुम्ही मेणबत्ती लावलीत की तो मेला."

अण्णा उठून परसात गेले. नारळाच्या झाडाला टेकून उभे राहिलेले मला खिडकीतून दिसत होते. बाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. तांदूळ निवडत बसल्या. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडू लागल्या.

त्या वर्षी उन्हाळा कडक झाला. कातळावर पाय ठेवता येईना, विहिरींनी तळ गाठला, आंबा झाडावरच भाजून निघाला. जो तो उकाड्याला शिव्या देत होता. एकट्या बाई घामाने निथळत ओटीवर बसायच्या आणि म्हणायच्या, "तापू दे. आणखी तापू दे. इथे एवढं तापलं तर वरच्या गावातही तापत असेल." रोज सकाळी त्या मला फोन करायच्या. "बघ गो, आज तिकडे किती आहे." मी मोबाइलवर बघून सांगायची. आकडा वाढला की त्यांच्या आवाजात जीव यायचा. मे महिन्यात तिकडे पुन्हा बर्फ पडला आणि मी तो आकडा सांगितला, तेव्हा पलीकडे फोन नुसता चालू राहिला.

जुलैत आम्ही पुन्हा गेलो. रत्नागिरीत पावसाने अंधारलं होतं आणि तिकडे वरचं गाव हिरवंगार. प्रशांत म्हणायचा ते खरं होतं, ते दुसरंच गाव होतं. ज्या उतारावर माणसं घसरत होती तिथे गुडघाभर गवत, पिवळी-जांभळी फुलं, गळ्यात मोठमोठ्या घंटा बांधलेल्या गाई. निम्मी हॉटेलं बंद. खुर्च्या मात्र चालू होत्या आणि त्यांत हातात काठ्या घेतलेले म्हातारे फिरायला वर चालले होते. बाई खुर्च्यांच्या तळाशी त्याच जागी उभ्या राहिल्या आणि गरागरा चारी दिशांना बघू लागल्या.

"हा तो डोंगर नाय," त्या म्हणाल्या. "मीना, आपण चुकलो. हा तो नाय."

"तोच आहे, बाई."

"इतकं हिरवं? माझं पोर आत असताना?"

त्या गवतात मटकन बसल्या आणि दोन्ही मुठींनी फुलं उपटू लागल्या. मुळासकट उपटून फेकत होत्या. लांबून एक गाय मान वर करून बघत राहिली. मी त्यांना थांबवलं नाही. दमल्यावर त्या आपणहून थांबल्या.

वर एका घळीत घसरून आलेल्या बर्फाचा ढीग अजून शिल्लक होता. मातीने काळा पडलेला, वरून दगडगोटे, खालून पाण्याचा आवाज. सुजन आम्हाला तिथे घेऊन गेला. बाईंनी पिशवीतून जुन्या साडीत गुंडाळलेलं खुरपं काढलं. परसात अळू काढायचं खुरपं. रत्नागिरीहून ते त्यांनी मला न सांगता बॅगेत तळाशी आणलं होतं. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि बर्फ खरवडायला लागल्या.

रोज तेच. सकाळी वर जायचं, संध्याकाळी खाली यायचं. सुजन कामाच्या आधी येऊन फावड्याने ओढायचा. योहानने पहिल्या दिवशी सांगून पाहिलं की खाली पोकळी असते, धोका आहे. मग तोच दोरी घेऊन यायला लागला. बाईंच्या कमरेला दोरी बांधायचा, दुसरं टोक स्वतःच्या हातात धरून दगडावर बसायचा. सुतारकाम सोडून तो रोज यायचा. बर्फातून वस्तू निघायच्या. एक काठी. एक फुटका चष्मा. एक लाल हातमोजा. प्रत्येक वस्तू बाई सुजनसमोर धरायच्या. "उसका है?" सुजन मान हलवायचा. तरी हातमोजा त्यांनी टाकला नाही. आत बोटं घालून पाहिली, कोणाच्या बोटांचा आकार राहिलाय का म्हणून.

ढीग संपत आला, खालचा खडक दिसायला लागला. त्यात प्रशांत नव्हता.

मग योहान आम्हा तिघांना अगदी वर घेऊन गेला. तिथे जुलैतही हिमनदी होती. करडी, सुरकुतलेली, मधून मधून खोल निळ्या भेगा पडलेल्या. त्याने भेगांकडे बोट दाखवलं आणि सावकाश, मला नीट सांगता यावं म्हणून थांबत थांबत बोलला. बर्फाचा सगळा लोंढा खाली घळीत आला नव्हता. काही भाग पुढच्या अंगाला वळून इथे भेगांत गेला. प्रशांत पुढे होता, म्हणून तो इथे आला असणार. थंडीत भेगा झाकलेल्या असतात. आता तो फार खोल आहे. पण हिमनदी स्थिर नसते. ती वाहते, फार हळू. आत गेलेलं माणूस कधीतरी खालच्या टोकाला बाहेर देते.

"कधी?" बाईंनी विचारलं.

योहानने खाली बघितलं. म्हणाला, त्याच्या लहानपणी एक माणूस असा बाहेर आला होता. गेला तसाच, तरुणच्या तरुण. त्याच्या बहिणीने त्याला ओळखलं. बहीण तेव्हा खूप म्हातारी झाली होती.

मी हे सांगितलं आणि बाई बर्फाकडे बघत बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या. मोजता मोजता थांबल्या.

"म्हणजे मी नसेन," त्या म्हणाल्या. "अण्णा नसतील. तूही नसशील."

कमरेची दोरी ओढत त्या भेगेच्या तोंडाशी गेल्या.

"मग तो बाहेर येईल आणि त्याला ओळखायला कोणी नसेल. मीना, माझं पोर परक्या देशात बाहेर येईल आणि सगळे विचारतील, हा कोण?" आणि मग जाधवबाई ओरडल्या. मैदानावर ओरडायच्या त्या आवाजात, भेगेच्या तोंडाशी, दोरीला ताण देऊन: "प्रशांत! मागे बघ रे! एकदा मागे बघ!"

योहानने दोरी घट्ट धरली होती. आवाज पलीकडच्या कड्यावर आपटून परत आला. सुजन तोंड झाकून रडत होता.

परत येण्याआधी पोलिसांनी बाईंच्या तोंडातून कापसाच्या काडीने नमुना घेतला. म्हणाले, कधीही सापडला तरी यावरून ओळख पटेल. बाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "थुंकीवरून ओळखणार? माणसाला माणसाने ओळखायला नको?"

घरी आल्यावर त्या पिशवी न ठेवताच अण्णांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "लावा मेणबत्ती," म्हणाल्या. "तुमचं खरं होतं. माझंही खरं आहे, पण तुम्ही लावा." अण्णांनी प्रशांतचा फोटो बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवला, मेणबत्ती लावली आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. बाईंनी त्यांना जवळ घेतलं. दोघं तशीच जमिनीवर बसून राहिली. विधी झाला, माणसं जेवून गेली. अण्णा त्यानंतर पुन्हा थोडं बोलू लागले. बाई मात्र बोलायच्या कमी झाल्या. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टर हृदय म्हणाले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गौरी-गणपतीच्या सुटीत. त्यांच्या भावाची मुलगी राजापूरहून आली होती आणि तिची सहा वर्षांची आर्या बाईंच्या खाटेपाशी मांडी घालून बसली होती. मी दारातच थांबले. बाई डोळे मिटून पडल्या होत्या. आवाज अगदी खोल गेला होता, पण शिकवणाऱ्याचाच होता.

"कानामागे?"

"डाव्या कानामागे काळा तीळ," आर्या म्हणाली.

"दात?"

"पुढचा एक दात अर्धा तुटका. गडग्यावरून पडला होता."

"पायाची करंगळी?"

"वाकडी. दोन्ही पायांची. तुझ्यासारखी."

आर्याची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मला हळू आवाजात म्हणाली, "रोज हेच, मावशी. पोरीला झोपेतही तेच आठवतं. मी आत्याला कसं सांगू, पुरे म्हणून?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सांगितलं मात्र तिनेही नाही.

"घरातली सगळ्यात लहान तू," बाई आर्याला म्हणत होत्या. "त्यांचा निरोप आला की तू जायचं. विमानात बसायचं, घाबरायचं नाय. तिथे सांगायचं, हा आमचा आहे."

"सांगीन."

आर्या जरा वेळ विचार करत बसली. मग तिने विचारलं, "आजी, तोपर्यंत मी म्हातारी झालेली असेन ना? आणि तो अजून तसाच असेल?"

"हो."

"मग मी त्याच्यापेक्षा मोठी. मी त्याला नावाने हाक मारू?"

बाईंनी डोळे उघडले. हात पुढे करून आर्याची हनुवटी धरली.

"नाय गो, बाय," त्या म्हणाल्या. "तो लहान दिसला तरी मामाच म्हणायचं."